"दोघी फक्त मैत्रिणी होत्या": साहित्यातल्या लपलेल्या लेस्बियन नात्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला गेली काही वर्षं सतत विचारले जातात, कधी वाचनकट्ट्यावर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंकडून, कधी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर, आणि प्रत्येक वेळी अर्धंच उत्तर दिलं जातं कारण मधेच कुणीतरी जिलेबी वाढायला येतं. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे माझी उत्तरं बरीचशी शब्दांच्या बाजूने येतील. ज्यावर बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

लपलेलं नातं म्हणजे नेमकं काय? आणि लपवतं कोण?

गोष्टीत दोन बायका असतात, त्यांचा जीव एकमेकींत अडकलेला असतो, सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरत असते, पण प्रेम हा शब्द कुठेच येत नाही. येतं ते मैत्री, माया, मानलेली बहीण, सोबत, "तिचं तिच्यावाचून पान हलायचं नाही" वगैरे.

आता लपवतं कोण. पूर्वी मला वाटायचं लेखिकाच घाबरून झाकते. काही वेळा तसं आहेही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की झाकण्याचं काम लिहिणारीपेक्षा नंतरच्या माणसांनी जास्त केलंय. संपादक, भाषांतरकार, नातेवाईक, प्रस्तावना लिहिणारे, पाठ्यपुस्तकं तयार करणारे. तिनं लिहून ठेवलं होतं हो, चांगलं स्वच्छ लिहून ठेवलं होतं, मधल्या हातांनी ते पुसलं. म्हणून हल्ली मी पुस्तक हातात घेतलं की आधी बघते हे माझ्यापर्यंत येताना कुणाकुणाच्या हातातून आलंय.

म्हणजे कसं? एखादं उदाहरण द्या.

सॅफोचंच देते. ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावरची कवयित्री, साधारण 2600 वर्षांपूर्वीची, लेस्बियन हा शब्द तिच्या बेटावरूनच आलाय. तिच्या कवितांचे बहुतेक तुकडेच उरलेत, पूर्ण अशी एकच कविता हातात आहे, ॲफ्रोडाइटी देवीला घातलेली साद. त्यात देवी तिला धीर देते, की आज जी व्यक्ती पळतेय ती उद्या तुझ्या मागे येईल, आज भेटवस्तू नाकारतेय ती उद्या स्वतः देईल, आज प्रेम नसलं तरी लवकरच करेल, मनात नसताना सुद्धा.

ही "व्यक्ती" बाई की पुरुष? ग्रीक क्रियापदावरून कळत नाही, तिथे क्रियापदाला लिंग नसतं. अख्ख्या कवितेत ते कळतं फक्त एका शब्दावरून, एथेलोइसा, म्हणजे "इच्छा असलेली", ज्याच्या आधी नकार लागून "मनात नसताना" होतं, आणि त्याचा स्त्रीलिंगी शेवट. बस, एवढंच. मराठीत सांगायचं तर "नको म्हणणारा" आणि "नको म्हणणारी" यातल्या शेवटच्या वेलांटीइतका फरक. 1711 साली ॲम्ब्रोज फिलिप्स नावाच्या इंग्रज कवीनं या कवितेचं भाषांतर केलं आणि तिथे सरळ "तो" घातला. तो पळतोय, तो येईल. पुढे कितीतरी वर्षं इंग्रजी वाचणाऱ्यांची सॅफो एका पुरुषासाठी झुरत राहिली.

त्या फिलिप्सवर मी खूप चिडले होते. मग एकदा जुन्या कामांची फाइल चाळताना माझंच एक भाषांतर हाताला लागलं. इंग्रजीतली छोटी कविता, कवयित्रीची, प्रथमपुरुषी, कुणालातरी उद्देशून. मूळात "तू" कोण आहे याचा कुठेच पत्ता नाही, आणि मी पहिल्याच ओळीत लिहून बसले होते "तू आलास". विचारसुद्धा केला नव्हता. प्रेमाची कविता आहे, लिहिणारी बाई आहे, म्हणजे येणारा "आलास"च. छापून आली तशी. मूळ कवयित्रीनं तो "तू" आयुष्यभर उघडा ठेवला होता आणि मी एका "ला"ने त्याला कडी घातली. ते मला अजून लागतं आणि त्यानंतर मी प्रत्येक "तू"पाशी थांबते.

मग मराठीत असं काही लपवणं अवघडच असणार ना? आपल्याकडे तर प्रत्येक क्रियापद चुगली करतं.

अगदी बरोबर. "मी थकले", "तू गेलीस", "ती म्हणाली", मराठी वाक्य दोन पावलं चालत नाही की लिंग सांगून टाकतं. इंग्रजीत "मी" आणि "तू" मध्ये अख्खी कविता लपून राहते. बंगालीत "तो" आणि "ती" ला एकच शब्द आहे. उर्दू गझलेत प्रियकर असो की प्रेयसी, रीत म्हणून पुल्लिंगी क्रियापद वापरतात, म्हणजे तिथे आडोसा भाषेनंच बांधून दिलाय. मराठीत तो आडोसा नाही.

पण एक जागा मात्र आहे आणि ती सापडलीय विजय तेंडुलकरांना. त्यांचं नाटक "मित्राची गोष्ट", 1981 मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी मुख्य भूमिका केली होती. नाटकातल्या मुलीचं नाव सुमित्रा, सगळे तिला मित्रा म्हणतात. आता शीर्षक वाचा परत. मित्रा-ची गोष्ट. आणि "मित्र" चं सुद्धा षष्ठीत "मित्राची" च होतं. म्हणजे नाटकाला जाणाऱ्याला आधी वाटणार कुणातरी दोस्ताची गोष्ट आहे, आत गेल्यावर कळणार ही एका मुलीची आहे, आणि नाटक संपल्यावर कळणार की दोन्ही वाचनं खरी होती, कारण सांगणारा बापू तिचा मित्र आहे आणि ती त्याचा. विभक्तीच्या एका प्रत्ययात सगळं नाटक बसवलंय! मला मराठीतलं हे सगळ्यात सुंदर शीर्षक वाटतं.

पण त्या नाटकात लपलेलं काय आहे? ते तर उघडच आहे.

नातं उघड आहे, हो. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाचं काम करते, नमा नायिका असते, आणि तालमीतलं प्रेम मित्राच्या बाबतीत खरं होऊन बसतं. लपलेलं काय आहे ते म्हणजे मित्राचा स्वतःचा आवाज. आपण तिची गोष्ट ऐकतो ती बापूच्या तोंडून, एका भल्या, जीव लावणाऱ्या, पण गोंधळलेल्या मुलाच्या तोंडून. खोली सुद्धा त्याचीच, जिथे ती नमाला भेटते. दोघींचं दारामागे काय बोलणं झालं ते बापूला माहीत नाही म्हणून आपल्यालाही नाही. तेंडुलकरांनी हे मुद्दाम केलं असणार असं मला वाटतं, 1940च्या सुमाराच्या पुण्यातल्या अशा मुलीची गोष्ट आपल्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तोंडूनच पोचली असती.

तेंडुलकरांचीच पटकथा असलेला "उंबरठा" (1982, शांता निसळ यांच्या "बेघर" वरून) बघितला असेल तर त्यातही आश्रमातल्या दोघींमधलं असं नातं येऊन जातं. बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते आठवतं, मी विचारून बघितलंय. स्मिता पाटील आठवते, "सुन्या सुन्या मैफलीत" आठवतं, त्या दोघी आठवत नाहीत.

इस्मत चुगताईंच्या "लिहाफ"बद्दल सगळे बोलतात. त्यात नक्की काय आहे?

1942 मध्ये "अदब-ए-लतीफ" मासिकात आलेली उर्दू कथा. लिहाफ म्हणजे जाड रजई. एक लहान मुलगी सांगते, मोठेपणी आठवून. तिची आई आग्र्याला जाते आणि तिला काही दिवस बेगम जानकडे ठेवते. बेगम जान तिच्या आईची मानलेली बहीण आहे, हे लक्षात ठेवा, नात्याची पहिली चादर इथेच अंथरलीय. बेगमचा नवरा नवाब, मोठा धार्मिक, हाजी, घरात कधी नाचणारी आणली नाही, पण गोऱ्यागोमट्या बारीक कमरेच्या तरुण मुलांच्या शिक्षणाची त्याला फार आवड. बेगम त्या हवेलीत सामानासारखी पडून आहे. मग रब्बो नावाची मोलकरीण येते, तेलमालिश करते, आणि बेगम हळूहळू जिवंत होते. रात्री मुलीला जाग येते, भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी हलताना दिसते आणि ती घाबरते.

एवढंच आहे बघा. एकही उघडावाघडा शब्द नाही. आणि तरी खटला झाला, लाहोरच्या कोर्टात, अश्लीलतेचा. इस्मतआपा तेव्हा मुंबईत राहायच्या, समन्स मुंबईत आलं, लेक तान्ही होती. सआदत हसन मंटोवरही त्याच वेळी "बू" कथेसाठी खटला होता, दोघं लाहोरला एकत्रच गेले. तिथे काय झालं ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय: साक्षीदाराला वकिलांनी विचारलं यातला अश्लील शब्द कुठला, तर तो बिचारा शोधून शोधून "आशिक जमा करणं" या शब्दांवर आला. वकील म्हणाले यातला वाईट शब्द कुठला, "आशिक"? मग साक्षीदाराचं म्हणणं, चांगल्या घरच्या मुलींनी असं बोलू नये. केस उभीच राहू शकली नाही कारण पुराव्याला शब्दच नव्हता. लहान मुलीच्या नजरेतून सांगितल्यामुळे जे ती समजत नाही ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही त्यावर कोर्ट बोट ठेवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या कथेत बेगमचं त्या लहान मुलीशी वागणं एका ठिकाणी अगदी चुकीचं आहे, मुलीला त्रास होतो आणि वाचतानाही होतो. ते दुर्लक्षून "लिहाफ"ला गोड प्रेमकथा म्हणून शेअर करणं मला पटत नाही. ती एकटेपणाची, कोंडलेपणाची कथा आहे आणि कोंडलेलं माणूस दुसऱ्याला इजाही करतं हे इस्मतआपांनी तेव्हाच दाखवलंय.

लपवायची एवढी भीती कशाची होती? युरोपात तर सगळं मोकळंच असेल ना?

मुळीच नाही. 1928 चं एकच वर्ष घ्या. लंडनमध्ये रॅडक्लिफ हॉल यांची "द वेल ऑफ लोनलीनेस" ही बायकांमधल्या प्रेमाची कादंबरी आली. पुस्तकातलं सगळ्यात धीट वाक्य काय, तर त्या रात्री त्या दोघी वेगळ्या झाल्या नाहीत. इतकंच. नोव्हेंबरमध्ये मॅजिस्ट्रेट सर चार्ट्रस बायरन यांनी पुस्तकाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. साक्ष द्यायला लेखक मंडळी कोर्टात येऊन बसली होती, त्यात व्हर्जिनिया वुल्फ होत्या, पण मॅजिस्ट्रेटनी त्यांना बोलूच दिलं नाही.

आणि त्याच वर्षी, महिनाभर आधी, खुद्द वुल्फबाईंचं "ऑर्लँडो" बाजारात आलं होतं. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या आपल्या प्रेयसीवर लिहिलेलं, तिलाच अर्पण केलेलं, आत तिचे फोटो छापलेले. त्याला कुणी हात लावला नाही. का? तर नायक तीनशे वर्षं जगतो आणि मधेच एका सकाळी बाई होऊन उठतो, म्हणजे पुस्तक अद्भुतात गेलं, आणि अद्भुतावर खटला कसा भरणार. एकीनं सरळ सांगितलं तिचं पुस्तक जाळलं, दुसरीनं परीकथेत गुंडाळलं तिचं दुकानात राहिलं. पुढच्या वर्षी "अ रूम ऑफ वन्स ओन" मध्ये वुल्फबाई एका कल्पित कादंबरीतलं वाक्य वाचून दाखवतात, क्लोईला ऑलिव्हिया आवडायची, पण त्याआधी श्रोत्यांना विचारतात की त्या लाल पडद्यामागे सर चार्ट्रस बायरन तर लपलेले नाहीत ना. आज वाचताना ते खेळकर वाटतं पण मला तिथे दरवेळी गलबलून येतं. चार बायका खोलीत बसल्यात आणि बोलण्याआधी दार नीट लागलंय का बघतायत.

ॲन लिस्टर (1791 ते 1840) ही यॉर्कशायरची जमीनदारीण, तिनं तर स्वतःची लिपीच केली. ग्रीक अक्षरं, बीजगणिताच्या खुणा, असं मिसळून रोजनिशीतला प्रेमाचा भाग लिहायची. तिच्या घराण्यातल्या जॉन लिस्टर यांनी मित्राच्या मदतीनं ती लिपी सोडवली, वाचून मित्र हादरला आणि म्हणाला जाळून टाक. जॉननी जाळलं नाही. भिंतीच्या लाकडी फळीमागे वह्या ठेवून दिल्या. त्या फळीमागच्या वह्यांमुळे आज आपल्याला ती माहीत आहे.

अशा गोष्टींत शेवटी कुणीतरी मरतंच, असं का?

कारण बऱ्याचदा ती अट होती, शब्दशः अट. अमेरिकेत 1952 मध्ये "स्प्रिंग फायर" नावाची स्वस्तातली पॉकेट कादंबरी आली, लेखिकेला संपादकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की शेवट सुखाचा करायचा नाही, नाहीतर टपालखातं पुस्तकं जप्त करेल. म्हणून एक वेडी होते, दुसरी म्हणते माझं हिच्यावर कधी प्रेमच नव्हतं. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी "द प्राइस ऑफ सॉल्ट" लिहिली, शेवटी दोघी एकमेकींना परत भेटतात, कुणी मरत नाही, पण लेखिकेचं नाव छापलं क्लेअर मॉर्गन. खरं नाव पुस्तकावर यायला 1990 उजाडलं, तेव्हा नाव "कॅरल" झालं होतं. म्हणजे शेवट सुखाचा हवा असेल तर नाव द्या, नाव हवं असेल तर शेवट द्या.

मित्राही मरते शेवटी. तेंडुलकरांवर कुणी अट घातली नव्हती, तरी मला ते नाटक वाचून झालं की राग येतो आणि तो राग नाटकावर काढायचा की त्या काळावर ते अजून ठरलेलं नाही.

हे सगळं पाश्चात्त्य आहे, आपल्या परंपरेत असलं काही नव्हतं. बरोबर ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि प्रामाणिकपणे विचारणाऱ्यांकडूनही येतो, म्हणून सविस्तर.

बंगालमध्ये कृत्तिवासांचं रामायण घरोघरी वाचतात, पंधराव्या शतकातलं. त्यात गंगा आणणाऱ्या भगीरथाच्या जन्माची कथा आहे. राजा दिलीप निपुत्रिक वारतो, वंश खुंटणार म्हणून देवांना काळजी, मग शंकर येऊन त्याच्या दोन विधवा राण्यांना वर देतात की तुम्हा दोघींच्या मीलनातून मुलगा होईल. दोघी प्रेमानं एकत्र राहतात आणि एकीला दिवस जातात. मूल जन्मतं ते बिनहाडांचं, अष्टावक्र ऋषींच्या आशीर्वादानं ते धडधाकट होतं. दोन भगांपासून झाला म्हणून भगीरथ, अशी नावाची फोडही कवीनं दिलीय. रामायण आहे हे, परदेशातून आलेलं नाही.

मग "कथासरित्सागर". लिहिलं काश्मीरच्या सोमदेवांनी अकराव्या शतकात, पण त्याचं मूळ जी बृहत्कथा ती गुणाढ्याची, आणि कथेप्रमाणे गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारातला, प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. त्यात मयासुराची मुलगी सोमप्रभा आकाशातून जाताना गच्चीवर खेळणारी राजकन्या कलिंगसेना बघते आणि तिचा जीव तिच्यावर जडतो, गेल्या जन्मीचं काहीतरी असणार असं वाटतं तिला. सोमप्रभा लग्न झालेली आहे बरं का. ती रोज भेटायला येते आणि एकदा काय आणते, तर करंडीभर यंत्राच्या बाहुल्या. लाकडी. कळ दाबली की एक उडत जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते. प्रेमात पडलेल्या माणसानं आणलेली भेट कशी असते ते बघा. शब्द सगळीकडे "सखी" आहे, आणि संस्कृत परंपरेत सखी हा फार मोठा शब्द आहे, त्यात काय काय मावतं ते ज्यानं त्यानं वाचावं.

लखनौकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रेख्ती नावाचा कवितेचा प्रकार होता, पुरुष कवींनी बायकांच्या बोलीत लिहिलेला, रंगीन आणि इंशा हे त्यातले नावाजलेले. बायकांच्या बायकांवरच्या प्रेमासाठी त्यात खास शब्द आहेत. दोगाना, म्हणजे जुळा बदाम दोघींनी वाटून खाल्ला की एकमेकींच्या दोगाना झाल्या. आता एखाद्या समाजात ती गोष्ट नसेल तर तिच्यासाठी एवढा नाजूक शब्द तयार होईल का? पुढे उर्दूच्या अभ्यासक्रमांतून रेख्ती काढून टाकली, अश्लील म्हणून. परत तेच, मधले हात.

राजस्थानीत विजयदान देथांनी लिहिलेली बीजा आणि तीजाची लोककथा आहे, बापांच्या शब्दापायी दोन मुलींचंच एकमेकींशी लग्न लागतं, पहिल्या रात्री कळतं, आणि दोघी ठरवतात की असंच राहायचं. गाव छळतं, भुतं आसरा देतात.

आणि 1998 मध्ये मुंबईत "फायर" सिनेमाच्या वेळी थिएटरची मोडतोड झाली ते अनेकांना आठवत असेल. त्यातल्या एकमेकींच्या प्रेमात पडणाऱ्या जावा राधा आणि सीता. हिंदी आवृत्तीत सीताची नीता करण्यात आली. एक अक्षर बदललं की संस्कृती वाचली, असा हिशोब.

सगळ्याच मैत्रिणींना तुम्ही लेस्बियन ठरवणार का? मैत्री नुसती मैत्री असू शकत नाही?

असू शकते, असते, आणि मैत्री काही प्रेमापेक्षा कमी दर्जाची नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये मैत्रिणीवर किती माया आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातून काम करून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या त्यात पदोपदी दिसेल. मी त्या बायकांवर कुठलंही लेबल चिकटवणार नाही, दळणाऱ्या बाईनं जोडलेल्या मैत्रिणीला जे नाव दिलं तेच तिचं नाव.

पण एक साधी परीक्षा करते मी. दोघींपैकी एकीच्या जागी पुरुष आहे असं समजून तोच परिच्छेद परत वाचायचा. जर लगेच "अरे हे तर प्रेमात आहेत" असं वाटलं, तर मग बाई असताना का नाही वाटलं? तेच पत्र, तीच वाट बघणं, तोच मत्सर. पुरावा बदलला नाही, आपली नजर बदलली. आणि पूर्ण पुस्तकभर बघायचं, एखाद्या मिठीवरून काही ठरत नाही. लग्नाच्या बातमीनंतर दुसरीचं काय होतं, कोण अचानक आजारी पडतं, लेखिका कुठल्या खोलीच्या दारापर्यंत नेते आणि तिथून परत फिरते. वुल्फबाईंच्याच "मिसेस डॅलोवे" मध्ये पन्नाशी उलटलेली क्लॅरिसा पार्टीची तयारी करता करता आठवते ते सॅली सेटनचं एका रात्रीचं चुंबन, आयुष्यातला सगळ्यात सुंदर क्षण म्हणून. नवरा चांगला आहे, जुना प्रियकर दारात येऊन बसलाय, आणि बाईला आठवते सॅली. हे लेखिकेनंच लिहिलंय, मी ओढूनताणून आणलेलं नाही.

एमिली डिकिन्सनच्या पत्रांतून खरंच नाव खोडलंय का?

खरंच. सू, म्हणजे सुझन गिल्बर्ट, अमेरिकन कवयित्री एमिलीची मैत्रीण, पुढे तिच्या भावाशी ऑस्टिनशी लग्न करून वहिनी झाली आणि शेजारच्याच घरात राहिली. मधे पायवाट. एमिलीनं तिला शेकडो पत्रं आणि कविता पाठवल्या. 1886 मध्ये एमिली गेल्यावर कविता छापायला काढल्या मेबल लूमिस टॉड यांनी, ज्यांचं ऑस्टिनशी प्रेमप्रकरण चालू होतं, म्हणजे सू त्यांना नको होतीच. जुन्या पत्रांत जिथे सूबद्दल जिव्हाळ्यानं लिहिलंय तिथे नाव खरवडून काढलेलं आहे, कागदाची तपासणी करून ते नंतर वाचलं गेलं. कुणी खरवडलं यावर वाद चालतो.

मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिलीय. एमिली गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालून कपडे घातले ते सूनं. वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिला तोही तिनंच. तो कुणाला खरवडता आला नाही.

"रेबेका" मधली मिसेस डॅन्व्हर्स खलनायिका आहे. तीच का अशी दाखवायची?

हा राग रास्त आहे. दाफ्ने द्यू मॉरिए यांच्या 1938 च्या या कादंबरीत नवी मालकीण घरात येते तेव्हा घरकाम बघणारी डॅन्व्हर्स तिला मेलेल्या रेबेकाची खोली दाखवते. रात्रीचा झगा अजून पलंगावर, ती तो हातात देते, बघा किती मऊ आहे. सपाता. केस विंचरायचा ब्रश, मी रोज तिचे केस विंचरायचे. नवऱ्याला जमलं नाही एवढं दुःख ही मोलकरीण करतेय. हॉलिवूडनं 1940 मध्ये सिनेमा केला तेव्हा सेन्सॉरवाल्यांनी आधीच बजावलं होतं की या दोघींबद्दल भलतं काही सुचवू नका. प्रेम दाखवायचं तर ते खलनायिकेचं, भूतबाधेसारखं, म्हणजे मग चालतं, आणि हे फार जुनं आहे, 1872 ची "कार्मिला" ही इंग्रजी भयकथा घ्या, तिथे प्रेयसी रक्तपिपासू आहे.

आपल्याकडे याच गोष्टीवरून 1964 मध्ये "कोहरा" आला. वहिदा रेहमान नवी सून, आणि ती दाई कोण, तर आपल्या येवल्याच्या ललिता पवार. लहानपणी बघताना मी फक्त घाबरले होते. परवा परत बघितला आणि ती बाई त्या रिकाम्या खोलीत ज्या पद्धतीनं वावरते ते बघून पहिल्यांदा तिची कीव आली. तिला शोक करायला हक्काची जागाच नाही.

जुन्या काळच्या बायकांना "लेस्बियन" म्हणायचं की नाही?

मी जपून वापरते. इस्मतआपांची बेगम स्वतःला तसं म्हणणार नाही, सोमप्रभा तर नाहीच. पण "तेव्हा तो शब्द नव्हता" म्हणून नातंच नव्हतं असं कुणी म्हणायला लागलं की मी तो शब्द ठासून वापरते.

वाचायला सुरुवात कुठून करू?

हिंदी येत असेल तर गीतांजली श्री यांची "तिरोहित" (2001). आंतरराष्ट्रीय बुकर मिळायच्या खूप आधीची. एका मोहल्ल्यात सगळ्या घरांची मिळून एकच लांबलचक गच्ची, आणि त्या गच्चीवर चच्चो आणि ललना. चच्चो गेल्यावर ललना परत येते तिथून सुरू होते, आणि घरातला मुलगा, बिटवा, आठवून आठवून जोडत बसतो की या दोघी एकमेकींच्या कोण होत्या. लेखिका शेवटपर्यंत शब्द देत नाही. मोहल्ला देतो, पण मोहल्ल्याचे शब्द वेगळे. नंतर "लिहाफ", देवनागरीत सहज मिळते, पंधरा मिनिटांची आहे. मग "मित्राची गोष्ट". भारतातल्या बायकांनी स्वतः लिहिलेलं वाचायचं तर अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेलं "फेसिंग द मिरर" (1999), इंग्रजीत आहे. आणि मागचा सगळा इतिहास हवा असेल तर रूथ वनिता आणि सलीम किडवई यांचं "सेम-सेक्स लव्ह इन इंडिया" (2000), जाड आहे पण मधूनच कुठूनही उघडता येतं.

विकत आणून घरात ठेवणं शक्य नाही. काय करू?

ग्रंथालयात बसून वाचा. मी "लिहाफ" पहिल्यांदा तशीच वाचली, एका जिल्ह्याच्या गावच्या ग्रंथालयात, पंख्याखालच्या टेबलावर, उर्दू कथांच्या हिंदी संग्रहात. रजईच्या सावलीच्या ओळीशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलनं "छी" लिहिलं होतं, जोर देऊन, कागद थोडा फाटला होता. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, बारीक, निळ्या शाईत, "का?" मी पर्समधून पेन काढलं, पुस्तक खराब करू नये हे मला चांगलं माहीत होतं, आणि त्या "का?"च्या खाली तारीख घातली.